कंट्रोलर काकांच्या चार ओळी

नीळकंठ पांढरीपांडे यांनी दिग्रसच्या बसस्थानकावर बावीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. निवृत्त झाले तरी गाव त्यांना कंट्रोलर काकाच म्हणत राहिलं. स्थानकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे त्यांची ती बावीसच्या बावीस वर्षं मी कानानं ऐकलेली आहेत. पुसदची गाडी फलाट तीनवर, यवतमाळला जाणारी दारव्हामार्गे, असं ते भोंग्यावर सांगत. शब्द न शब्द सुटा, शुद्ध, कुठे अडखळणं नाही. चौकशीच्या खिडकीवर लोक भांडायला येत. गाडी का नाही, उशीर का, ड्रायव्हर थांबला का नाही. काका समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत आणि विचारत, "तुम्हाला दारव्ह्याला उतरायचं आहे, की दारव्ह्यावरून पुढे जायचं आहे?" बरेचदा निम्मं भांडण तिथंच संपे.

निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलानं, साकेतनं, त्यांना मोठा फोन घेऊन दिला. मी तेव्हाही 'आपलं दिग्रस' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवायचो. गाड्यांच्या बदललेल्या वेळा, नोकरीच्या जाहिराती, कोणाच्या घरचं लग्न, कोणाच्या घरचं मयत, असं सगळं त्यात येई. दोनशे चाळीस माणसं होती. काकांना मीच घेतलं, आणि महिन्याभरात ग्रुप त्यांचा झाला.

ते लिहीत झकास. बाकीचे लोक दुसऱ्याचं उचलून पुढे ढकलायचे. काका स्वतः लिहायचे, आणि पूर्णविरामासकट. कोणी थाप मारली की ते पुरावा मागत. कोणी वाद घातला की एक, दोन, तीन असे मुद्दे मांडून त्याला गप्प करत. आणि जाता जाता त्याचं शुद्धलेखन सुधारत. 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहिणाऱ्याची धडगत नव्हती. आम्हाला मजा वाटे. काका कोणाला तरी धरणार म्हणून लोक वाट पाहत. वादात हरलेला माणूस दोन-चार दिवस लिहायचा बंद होतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण ग्रुप गाजतो आहे, या आनंदात मी होतो.

२०१७ चं साल आलं. त्या वर्षी कपाशी खूप वाढली, आणि बोंडात गुलाबी अळी शिरली. फवाऱ्यावर फवारे सुरू झाले. ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणारी माणसं चक्कर येऊन पडायला लागली. कोणाला उलट्या, कोणाला दिसेना. आर्णी, मारेगाव, पांढरकवडा, सगळीकडून बातम्या येत होत्या. माणसं मेलीसुद्धा. ग्रुपवर रोज त्याच चर्चा.

एका रविवारी सकाळी काकांनी लिहिलं:

"फवारणीने विषबाधा झाली, ही बातमी अर्धीच आहे. डब्यावर सूचना छापलेल्या असतात. त्या वाचायच्या नाहीत, साधा रुमाल तोंडाला बांधायचा नाही, आणि मग सरकारच्या नावाने रडायचे. अडाणीपणावर कोणत्याही दवाखान्यात औषध नाही."

पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. पहिला अंगठा विठ्ठलरावांचा. विठ्ठलराव म्हणजे काकांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती. गावाबाहेर त्यांची मोठी शेती, आणि त्यात कपाशी. "लाख बोललात," असं त्यांनी लिहिलं. एक अंगठा माझाही होता. ते मी लपवत नाही.

अर्ध्या तासानं एक मेसेज आला. प्रियंका मनवरचा. आर्णी रस्त्यावरच्या एका खेड्यातली ही मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. नोट्सच्या झेरॉक्ससाठी माझ्याकडे येई. नोकरीच्या जाहिराती दिसाव्यात म्हणून मीच तिला ग्रुपमध्ये घेतलं होतं. तोवर तिनं कधी एक शब्द लिहिला नव्हता.

"काका माझे बाबा आठ दिवसापासुन यवतमाळच्या दवाखाण्यात आहेत. त्यांनी रुमाल बांधला होता."

मग काकांचं उत्तर आलं:

"एका उदाहरणावरून नियम ठरत नाही. बाबांना लवकर बरे वाटो. आणि 'दवाखाण्यात' नव्हे, 'दवाखान्यात'."

याच्यावरही दोघातिघांनी अंगठे दिले. त्यांच्याखाली बारीक अक्षरात ओळ उमटली, प्रियंका मनवर ग्रुपमधून बाहेर पडल्याची.

त्या वेळी टाकलेला मेसेज सगळ्यांच्या फोनमधून पुसायची सोय अजून आलेली नव्हती. ग्रुपमध्ये पडलेलं ते पडलेलं. मला कसंतरी झालं, पण मी काही लिहिलं नाही. ॲडमिन असून दिवसभर झेरॉक्स काढत बसलो.

पुढचं मला पद्मजाकाकूंनी सांगितलं. काकूंचा फोन साधा होता, त्या ग्रुपमध्ये नव्हत्या. दुपारी जेवताना काकांनी त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. वाद जिंकला की ते नेहमीच वाचून दाखवत. काकूंनी ताटातला हात थांबवला.

"ही मुलगी कोणाची?"

"काय माहीत. मनवर म्हणून आहे कोणी."

"तिचा बाप दवाखान्यात आहे, आणि तुम्ही तिचा ण सुधारलात?"

काका म्हणाले, "मी लवकर बरे वाटो असंही लिहिलंय."

"मधे लिहिलंय," काकू म्हणाल्या. "खिडकीवर होता तेव्हा असं कधी बोलला नाहीत तुम्ही कोणाला. बाई रडत आली तर आधी तिला बसायला सांगत होता. ही तुमच्या खिडकीवर आली असती, तर असं बोलला असता का?"

काका ताटावरून उठले. जेवणही पुरं केलं नाही.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर उभे होते. दाढी केलेली नव्हती. त्यांना दाढी न केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"पियूष, त्या मुलीचा नंबर दे."

मी म्हटलं, "काका, ती ग्रुप सोडून गेली. तिला न विचारता नंबर कसा देऊ?"

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. मग तू विचार."

मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. मेसेज टाकला, 'कंट्रोलर काकांना तुमच्याशी बोलायचं आहे.' संध्याकाळी उत्तर आलं. 'मी दवाखान्यात असते. ज्याला बोलायचं त्यानं इथं यावं.' खाली वॉर्ड नंबर.

मंगळवारी दुकान बायकोवर सोपवून मी काकांबरोबर निघालो. दोन तासांच्या रस्त्यात ते फारसे बोलले नाहीत. खिडकीबाहेर दोन्हीकडे कपाशी. एकदाच म्हणाले, "केवढी वाढली आहे रे. आत माणूस शिरला तर दिसायचा नाही." खिशातून एक कागद काढून ते वाचत होते. बोलायचं ते त्यांनी लिहून आणलं होतं.

वॉर्डात खाटा कमी पडल्या होत्या. काही माणसं खाली गादीवर. एका माणसाचे हात मऊ पट्टीनं खाटेला बांधलेले होते. विषावर दिलेल्या औषधाच्या अंमलात तो सलाइन उपटून टाकतो, असं त्याची बायको आम्ही न विचारताच सांगत होती. कोपऱ्यातल्या खाटेवर बळीराम मनवर होते. पन्नाशीचा, काटक माणूस. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. प्रियंका उशाशी बसून त्यांना बिस्कीट पाण्यात भिजवून देत होती. आम्हाला पाहून ती उठली नाही.

काकांनी कागद काढला, पण वाचला नाही. हातातच धरून म्हणाले, "मी नीळकंठ पांढरीपांडे. परवा मी जे लिहिलं, त्यानं तुमच्या भावना दुखावल्या असतील तर—"

"असतील तर?" प्रियंका म्हणाली.

काकांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"कोण हाय व?" बळीरामांनी विचारलं.

"दिग्रसचे कंट्रोलर हायत बाबा. ज्यायनं रुमालाचं लिवलं ते."

तिनं बापाला ते आधीच वाचून दाखवलं होतं. मला वाटलं आता हा माणूस चिडेल. बळीराम आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "बसा साहेब. स्टूल असन पाहा तिथं."

काका बसले.

"रुमाल होता साहेब. चांगला दोन पदरी बांधला होता. पर औंदा कपाशी डोक्याच्या वर गेली. पंप पाठीवर, अन् नळी अशी वर धरा लागे. वर मारलं का सारं आपल्याच तोंडावर पडे. दोन तासात रुमाल वला गच. मंग तोच वला रुमाल नाकातोंडावर. इख बांधून फिरल्यासारखं झालं ते. सोडला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटते."

"आणि डब्यावरच्या सूचना?" काकांनी विचारलं. या वेळी त्यांच्या आवाजात वाद नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"डबा मालकाच्या घरी राह्यते साहेब. आमच्या हाती बकेट येते, कालवलेली."

काका म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं."

"कसं माहीत राहीन," बळीराम म्हणाले. "तुम्ही कायले फवारता."

त्यांनी हे साधेपणानं म्हटलं, टोमणा म्हणून नाही. पण काकांनी मान खाली घातली. हातातल्या कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि प्रियंकाकडे वळले. "बेटा, चूक माझी आहे. 'असतील तर' नाही. मी चुकीचं लिहिलं, आणि तू खरं सांगितल्यावर त्याहून वाईट लिहिलं. मला माफ कर."

मला वाटलं, झालं. आता ती रडेल, मग काकाही डोळे पुसतील. प्रियंका रडली नाही.

"इथं काहून म्हणता?" ती म्हणाली. "तुम्ही लिवलं ते दोनशे लोकायनं वाचलं. माझ्या बाबाले अडाणी म्हटलं ते दोनशे लोकायनं वाचलं. अन् माफी मागून राह्यले माझ्या एकटीजवळ, या कोपऱ्यात. याच्यानं काय होते काका?"

काकांनी मान हलवली आणि ते स्टुलावरून उठले.

परतीच्या गाडीत बसल्यापासून दारव्ह्यापर्यंत ते फोनवर लिहीत होते. लिहायचे, पुसायचे. एकदा मला दाखवलं. मी म्हटलं, "काका, फार लांब झालंय. आणि यात तुमचाच भाव वधारतो." ते हसले, तीन दिवसांत पहिल्यांदाच, आणि पुन्हा पुसलं. शेवटी स्वतःचाच रविवारचा मेसेज धरून त्याखाली त्यांनी लिहिलं:

"हे मी लिहिले होते. ते खोटे आहे. बळीराम मनवर यांना आज भेटलो. त्यांनी रुमाल बांधला होता. कपाशी डोक्यापेक्षा उंच असल्याने औषध तोंडावर पडते, रुमाल भिजतो आणि विष नाकाशी राहते. डबा त्यांच्या हातात कधी येतच नाही. हे मला माहीत नव्हते आणि मी विचारलेही नाही. त्यांना अडाणी म्हटले, आणि त्यांच्या मुलीचे म्हणणे ऐकण्याऐवजी तिची अक्षरे तपासली. दोघांचीही माफी मागतो. अडाणीपणा माझा होता."

मला वाटत होतं, आता पुन्हा अंगठे येतील. चारच आले. मग एकानं लिहिलं, 'काका निवडणूक लढवणार वाटतं.' दुसऱ्यानं विचारलं, 'कोणी दम दिला का?' ज्या लोकांना काकांनी याआधी गप्प केलं होतं, ते सगळे एकेक करून बाहेर आले. वर्षभरापूर्वीचे वाद उकरले गेले. एकानं तर 'आता आमचीही माफी मागा' म्हणून स्वतःचा जुना मेसेज चिकटवला. काकांनी तो वाचला, आणि खरंच मागितली.

विठ्ठलरावांचं मात्र वेगळं होतं. त्यांनी लिहिलं, 'म्हणजे दोष आम्हा शेतमालकांचा? आमची कपाशी अळीनं खाल्ली, बोंडं सडली, ते कोणी पाहायचं? तुम्ही एक दवाखाना पाहून आले, आमचं वावर पाहायला कधी आले?'

पूर्वीचे काका असते तर याचे तुकडे केले असते. त्यांनी लिहिलं, 'विठ्ठलराव, तुमचं म्हणणं असं, की नुकसान मालकाचंही झालं आहे आणि ते मी पाहिलेलं नाही. बरोबर समजलो का? बरोबर असेल तर उद्या तुमच्या वावरात येतो.'

ते गेले. विठ्ठलरावांनी त्यांना किडकी बोंडं फोडून दाखवली. काकांनी पाहिली, वाईट वाटलं तसं बोलूनही दाखवलं. पण शेवटी म्हणाले, "तरी डब्यावरची सूचना बकेटवाल्याला सांगायचं काम तुमचंच." विठ्ठलरावांना ते लागलं. दोन महिने ते काकांबरोबर फिरायला गेले नाहीत. काका एकटेच मानोरा रस्त्याला जाऊन येत. मी एकदा म्हटलं, "एवढं बोलायची काय गरज होती?" तर म्हणाले, "पियूष, माफी मागितली म्हणजे मत सोडलं असं नाही. मी ऐकायचं सोडलं होतं, ते पुन्हा धरलं, एवढंच."

मी त्या काळात ग्रुपवर फक्त सुप्रभात आणि गाड्यांच्या वेळा ठेवायचा विचार करत होतो. रोजची कटकट नको. काका दुकानात येऊन बसले. म्हणाले, "लोकांना भांडू दे. पण बाहेर पडलेल्या माणसाला त्याच दिवशी फोन करत जा. का गेलास, म्हणून विचार. ते ॲडमिनचं काम आहे, आणि ते तू केलं नाहीस. मी नालायकपणा केला, तो तू बघत बसलास."

खरं होतं. मी तेव्हापासून करतो. निम्मे लोक म्हणतात, फोनमध्ये जागा नव्हती म्हणून सोडला. बाकीच्यांचं ऐकण्यासारखं असतं.

बळीराम महिन्याभरानं घरी आले. उजव्या डोळ्यानं बरं दिसायला लागलं, डाव्यानं नुसता उजेड कळतो. त्यांचं फवारणं कायमचं संपलं. कापसाच्या एका जिनिंगमध्ये फाटकावर बसायचं काम त्यांना मिळालं. ते प्रियंकानं स्वतः हिंडून मिळवलं, काकांनी नाही. काका दोन-तीनदा त्यांना भेटून आले. तिथं काय बोलणं झालं, ते त्यांनी ग्रुपवर कधी टाकलं नाही.

प्रियंका पुढच्या जूनमध्ये माझ्या दुकानात आली. तिनं बी.ए. केलं होतं, बी.एड.चा अर्ज भरायचा होता. कागद गोळा करता करता म्हणाली, "दादा, ग्रुपमध्ये घ्या मले."

मी घेतलं. कोणी स्वागत वगैरे केलं नाही, आणि तेच बरं झालं. त्याच आठवड्यात फवारणीचा हंगाम येणार म्हणून काकांनी मेहनतीनं एक सूचनापत्र लिहून टाकलं. हातमोजे घाला, चष्मा लावा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, उपाशीपोटी फवारू नका. मी त्याच्या शंभर प्रती काढून वाटायचं ठरवलं होतं. प्रियंकानं लिहिलं:

"काका माहीती सगळी बरोबर आहे. पण चुकीच्या माणसाला सांगितली आहे. मजुराला चष्मा लाव म्हणता, चष्मा आणायचा कुठुन? हे पत्र मालकाला लिहा. चष्मा दिल्याशिवाय पंप देऊ नका असं लिहा."

'माहीती' आणि 'कुठुन', दोन्ही चुकलेले होते. काकांच्या नावापुढे 'टाइप करत आहे' असं दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं.

"तुझं म्हणणं असं, की जबाबदारी पंप देणाऱ्याची आहे, म्हणून पत्र त्याच्या नावाने हवे. बरोबर?"

"हो."

"पण मजुरालाही माहिती असू नये का? तो चष्मा मागू तरी शकेल."

"मागीतला तर दुसऱ्या दिवशी बोलवत नाहीत काका. तुम्हाला हे माहीत नाही."

"नाही. हे माहीत नव्हतं. मग दोन पत्रं करू. मालकाचं तू लिही."

इथं विठ्ठलराव उतरले. प्रत्येक मालक तसा नसतो, म्हणाले. आम्ही औंदा चष्मे आणले आहेत, मजूरच घालत नाहीत, घाम येतो म्हणतात. प्रियंकानं विचारलं, कोणते आणले? त्यांनी फोटो टाकला. ती म्हणाली, याला भोकं नाहीत, आत वाफ धरते, दिसत नाही. माझ्या बाबांनी घालून पाहिलाय असा. विठ्ठलराव म्हणाले, मग कोणते पाहिजेत? दुपारी सुरू झालेलं हे संध्याकाळी सात वाजेपर्यंत चाललं. पन्नास-साठ मेसेज झाले असतील. मधे एकदा विठ्ठलराव चांगलेच तापले, कालच्या पोरी आम्हाला शेती शिकवतात, असं म्हणाले. तेव्हा काकांनी लिहिलं, 'विठ्ठलराव, मुद्दा चष्म्याचा आहे, वयाचा नाही.' प्रियंकानं त्याला काही उत्तर दिलं नाही, आणि ग्रुपही सोडला नाही.

शेवटी विठ्ठलरावांनी लिहिलं, "मला सगळं पटलेलं नाही. पण ते भोकाचे चष्मे कुठे मिळतात ते सांग."

तिनं दुकानाचं नाव टाकलं. मालकाचं पत्र तिनं दोन दिवसांनी लिहून आणलं. छापायला देण्याआधी ती स्वतःच ते काकांच्या घरी घेऊन गेली. "काका, आता तपासा," म्हणाली. काकांनी चष्मा पुसला, लाल पेन घेतलं, आणि पद्मजाकाकू तिच्यासाठी पोहे करायला आत गेल्या.